निजाम सर्किटातली परभणी

पोलीस कारवाईपुढे १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शरणागती पत्करली आणि परभणीवरचा आसफजाही अंमल संपला. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. ही खबर एका धंद्यापर्यंत पोचली नाही, किंवा पोचली तरी त्यानं ती मनावर घेतली नाही. तो धंदा सिनेमाचा. हिंदी चित्रपटांच्या वितरणासाठी देशाचे जे तुकडे पाडले होते, त्यांत मुंबई, दिल्ली-यूपी, पूर्व पंजाब, सीपी-बेरार, म्हैसूर अशा नावांबरोबर एक नाव होतं ‘निजाम’. तेलंगण, कर्नाटकातले जुने हैदराबादी जिल्हे आणि मराठवाडा मिळून हे सर्किट व्हायचं. म्हणजे पुण्याच्या टॉकीजला पिच्चर मुंबई सर्किटातून मिळणार, नागपूर-अकोल्याला सीपी-बेरारमधून आणि परभणीला निजाममधून. राज्य गेलं, राजा गेला, प्रिवी पर्सही १९७१ मध्ये गेली. सिनेमाच्या हिशेबाच्या वहीत मात्र निजामाची सत्ता अबाधित राहिली. गल्ल्याच्या आकड्यांचे तक्ते छापणारे आजही ‘निजाम’चा रकाना वेगळा ठेवतात.

महाराष्ट्राच्या ऐंशीच्या दशकाविषयी जे आठवणींचं साहित्य लिहिलं जातं, ते वाचताना हा नकाशा डोळ्यांपुढे ठेवलेला बरा. त्या साहित्यात दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव असतात, ‘गजरा’ असतो, ‘ज्ञानदीप’ असतो, गुरुवारचं ‘छायागीत’ असतं. हे सगळं खरं आहे, पण ते मुंबई-पुण्याचं खरं आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यात दिसू लागलं. परभणीत तेव्हा टीव्ही ही पेपरात वाचायची गोष्ट होती. इथली पडद्याची ओळख वेगळ्या वाटांनी झाली, वेगळ्या भाषेत झाली आणि बरीच उशिरा झाली.

भाषेपासूनच सुरुवात करायची तर, परभणीचा जुना प्रेक्षक हिंदी सिनेमाला परका नव्हता. संस्थानात माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले. त्यामुळे १९४८ पूर्वी शिकलेल्या पिढीला, मग घरात मराठी, मारवाडी, तेलुगू काहीही बोलत असोत, उर्दू लिहिता-वाचता यायची. त्या काळच्या हिंदी चित्रपटांच्या पोस्टरवर नाव तीन लिप्यांत छापलेलं असे: नागरी, रोमन आणि उर्दू. साताऱ्याच्या माणसाला त्यातली तिसरी ओळ नक्षीसारखी दिसत असेल. परभणीच्या वकिलाला, तलाठ्याला, मोंढ्यातल्या मुनिमाला ती वाचता येत होती. ‘मेरे मेहबूब’ (१९६३), ‘पाकीजा’ (१९७२), ‘निकाह’ (१९८२) हे चित्रपट शहरातल्या मुस्लिम मोहल्ल्यांचे तर होतेच, पण मराठी घरांतल्या वडीलधाऱ्यांनाही त्यांतले संवाद समजावून सांगावे लागत नव्हते. मेहमूदनं ‘गुमनाम’ (१९६५) मध्ये जी हैदराबादी दखनी बोलून देशाला हसवलं, ती परभणीच्या बाजारात रोज फुकट ऐकायला मिळे.

सिनेमा यायचा तो उशिरा. मोठ्या शहरांत रौप्यमहोत्सव साजरे होत, तोवर जिल्ह्याच्या गावाला प्रिंट मिळायची नाही. मिळायची तेव्हा ती चार ठिकाणी घासून आलेली असायची. रिळं पत्र्याच्या डब्यांत आणि डबे पेटीत घालून रेल्वेनं किंवा एसटीनं येत. मनमाड-काचीगुडा लोहमार्ग तेव्हा मीटरगेज होता आणि त्यावरून रात्री धावणारी अजंता एक्सप्रेस परभणीहून जात असे. पेटी चुकली की शुक्रवार चुकला. हिंदी चित्रपट चौदा-सोळा रिळांचा. ऑपरेटरच्या खोलीत दोन प्रोजेक्टर असतील तर एकावरून दुसऱ्यावर जाताना खंड पडत नसे. एकच असेल तर रीळ बदलेपर्यंत अंधार आणि शिट्ट्या. कार्बनच्या कांड्या जळून प्रकाश पडे. कांडी मागे सरकली की पडदा पिवळा पडायचा आणि पब्लिक ऑपरेटरच्या नावानं शंख करायचं. तुटलेली फिल्म चिकटवताना प्रत्येक वेळी काही चौकटी कापाव्या लागत. शेवटच्या गावापर्यंत पोचलेली प्रिंट त्यामुळे मूळ चित्रपटापेक्षा आखूड असे, आणि ज्या गाण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा येत तेच गाणं सर्वांत जास्त ओरखडलेलं असे.

हे झालं जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावाचं. खेड्यांना सिनेमा भेटला तो तंबूत.

टुरिंग टॉकीजचं वर्ष पिकाच्या वर्षाला बांधलेलं होतं. पावसाळ्यात परभणीच्या काळ्या रानात बैलगाडीचं चाक रुतून बसतं, तिथं तंबूचा ट्रक काय जाणार? दसरा-दिवाळीनंतर रान वाळलं की ट्रक निघत. त्याच सुमारास कापसाची वेचणी चालू होई. मानवत, सेलू, परभणीच्या जिनिंगांपुढे गाड्यांच्या रांगा लागत. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, पैसे सरकारी गतीनं आणि हप्त्यानं मिळत. तरीही वर्षातून एकदा कुणब्याच्या हाती रोकड यायची ती याच दिवसांत. मग जत्रा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातली माळेगावच्या खंडोबाची मार्गशीर्षातली यात्रा, परभणीत फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरणारा सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस, तेव्हा परभणी जिल्ह्यातच असलेल्या औंढा नागनाथची महाशिवरात्र. उरुसात संदल असायचा, कव्वाली असायची, मिठाईची दुकानं, पाळणे, मौत का कुआँ आणि पलीकडे तंबू.

तंबूत दिवसा खेळ होत नसे, कारण कनातीतून उजेड येतो. अंधार पडल्यावर पहिला खेळ, तो सुटला की दुसरा. दुसरा सुटेपर्यंत मध्यरात्र उलटून जाई. बसायचं जमिनीवर, ज्याला मऊ हवं त्यानं घरून पोतं आणावं. बाया एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या अंगाला. प्रोजेक्टर ट्रकवरच ठेवलेला आणि विजेचा भरवसा नसल्यामुळे बाजूला इंजिन धडधडत असे. खेळ सुरू होण्याआधी तासभर भोंग्यावर गाणी वाजत आणि अधूनमधून तिकीटवाल्याचा घोगरा आवाज लोकांना घाई करायला सांगे. शेजारच्या राहुटीत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, काळू-बाळू किंवा कांताबाई सातारकर यांच्यासारखा नामांकित फड उतरला असला तर तंबूवाल्याची पंचाईत. तमासगीरही गप्प बसत नव्हते. रंगबाजीत चालू हिंदी गाणी घेऊन त्यांनी सिनेमाचा माल सिनेमाच्या शेजारीच विकला.

तंबूतल्या आवडीनिवडी शहरी समीक्षकाला समजायच्या नाहीत. नवा-जुना हा भेद तिथं फारसा नव्हता. ‘जय संतोषी माँ’ (१९७५) दहा वर्षांनीही चालायचा. दादा कोंडके ‘सोंगाड्या’पासून (१९७१) तंबूचे हुकमी राजे होते. आणि दारासिंग. ‘किंग काँग’ (१९६२), ‘फौलाद’ (१९६३) असल्या मारधाडीच्या चित्रपटांची इंग्रजी पेपरांत टिंगल व्हायची. पण ज्या जिल्ह्यात गावोगावी तालीम आहे आणि जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो, तिथं खराखुरा पैलवान पडद्यावर दिसणं ही साधी गोष्ट नव्हती. ‘बजरंगबली’ (१९७६) मध्ये हाच पैलवान हनुमान झाला. अकरा वर्षांनी टीव्हीवरच्या ‘रामायण’मध्ये तो पुन्हा हनुमान होऊन आला तेव्हा त्याची ओळख करून द्यावी लागली नाही.

टीव्ही परभणीत यायला दिल्लीचं राजकारण आणि आशियाई खेळ कारणीभूत ठरले. त्याआधी १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत टीव्ही नेण्याचा मोठा प्रयोग झाला होता, २४०० गावांत; पण त्याच्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं, १५ ऑगस्टपासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, नोव्हेंबरात एशियाड झालं. मग १९८४ मध्ये सरकारनं प्रक्षेपक उभारायचा सपाटाच लावला. काही महिने तर दिवसाला एक या वेगानं. ते वर्ष निवडणुकीचं होतं, हे वेगळं सांगायला नको. त्या काळात जिल्ह्याच्या गावांच्या वाट्याला आले ते लघुशक्ती प्रक्षेपक, शंभर वॅटचे. शंभर वॅटमध्ये बैठकीतला एक जुना पिवळा बल्ब लागायचा. त्याची लाट पंधरा-वीस किलोमीटरवर थकून जायची. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड ही तालुक्याची गावं परभणीपासून चाळीस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे परभणीच्या स्टेशन रोडवर टीव्ही दिसणार, जिंतूरच्या डोंगराकडच्या वाडीला दिसणार नाही.

दिसत नाही म्हणून लोक थांबले नाहीत. लोखंडी पाइपावर पाइप जोडून अँटेना वीस-पंचवीस फुटांवर नेला गेला, त्याला बूस्टर लागला, घरातलं एक पोरगं माळवदावर चढून अँटेना फिरवी आणि दुसरं खिडकीतून ओरडे. पडद्यावर मुंग्या दिसत. त्या मुंग्यांमधून माणसाची आकृती ओळखायची सवय डोळ्यांना झाली होती. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी. पुढे बालाघाटाच्या डोंगरावर अंबाजोगाईला उंच मनोरा उभा राहिला, तेव्हा गोदावरीच्या दक्षिणेकडच्या गावांना बऱ्या चित्राची आशा धरता आली.

पेटी घ्यायची म्हणजे पोस्टातून परवाना काढायचा. १९८५ पर्यंत टीव्हीलाही सायकल-रेडिओसारखा परवाना लागे. संच बहुधा कृष्णधवल, लाकडी खोक्याचा, पुढं सरकती दारं. क्राउन, डायनोरा, वेस्टन, टेक्सला, सलोरा. दशकाच्या उत्तरार्धात मात्र एक गंमत झाली. औरंगाबादजवळ पैठण रस्त्यावरच्या चितेगावात धूत घराण्याच्या व्हिडिओकॉननं तोशिबाच्या तंत्रसाहाय्यानं रंगीत टीव्ही बनवायला सुरुवात केली. कार्यक्रम दिल्लीचा, नट पंजाबचे, आणि पेटी पैठणच्या वाटेवरची. मराठवाड्यात जोडलेला संच देशभर विकला जात होता, पण त्यावर मराठवाडा दिसत नव्हता.

खरं तर मराठीच पुरेशी दिसत नव्हती. लघुशक्ती प्रक्षेपकाचं काम आलेला संदेश पुढे फेकणं, इतकंच. त्याला ना स्टुडिओ, ना स्वतःचा कार्यक्रम. सुरुवातीला तो संदेश दिल्लीचा होता. मुंबईचा मराठी कार्यक्रम उपग्रहामार्गे राज्यभर पोचवायची सोय नंतर झाली. त्यामुळे परभणीच्या ज्या घरांत १९८४-८५ मध्ये पहिल्यांदा टीव्ही लागला, तिथं पडद्यावरचं पहिलं कुटुंब चिमणरावांचं नव्हतं. ते ‘हम लोग’मधल्या बसेसरराम आणि भागवंतीचं होतं. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेली ती मालिका दीडशेहून अधिक भाग चालली आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन बोध करत. पाठोपाठ ‘बुनियाद’, ‘नुक्कड’, ‘ये जो है जिंदगी’. मराठी माणूस दिसायचा तोही हिंदी बोलताना: ग्राहकांच्या हक्कांसाठी भांडणारी ‘रजनी’ म्हणजे प्रिया तेंडुलकर. कृषी विद्यापीठ १९७२ पासून परभणीत आहे; मुंबई दूरदर्शनवर शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’ होतं. विद्यापीठाच्या कुंपणाबाहेरच्या शेतकऱ्याला मात्र सल्ला मिळायचा तो परभणी आकाशवाणीवरून, जी १९६८ पासून त्याच्या बोलीच्या जवळपास बोलत आली होती. तंत्रज्ञान नवं आलं म्हणून जुनं मागे पडतं असं सरसकट म्हणतात. परभणीत निदान दहा वर्षं रेडिओ मराठी होता आणि टीव्ही परप्रांतीय.

  

हिंदीची ही अडचण एका मालिकेपुढे अडचण राहिली नाही. २५ जानेवारी १९८७, रविवार, सकाळचे साडेनऊ. रामानंद सागर यांचं ‘रामायण’ सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चाललं, ७८ भाग. देशभर रस्ते ओस पडले, टीव्हीपुढे उदबत्त्या लागल्या, हे सर्वांनी लिहिलंय. त्यावर शहरी स्तंभलेखकांनी भाबडेपणाचा शिक्काही मारला. परभणीकडून पाहिलं तर हा भाबडेपणा नसून वहिवाट होती. या मुलखात श्रावणात पोथी लागते. श्रीधरस्वामींचा ‘रामविजय’, ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकी गाव ऐकतं. वाचणारा पाटावर, पोथी चौरंगावर, समोर निरांजन, आणि जातीपातीची कुरबुर पोटात ठेवून का होईना, ऐकायला येतात सगळे. टीव्ही ज्याच्या घरी होता त्याच्या ओसरीत १९८७ मध्ये हेच झालं. चौरंगावर पोथीच्या जागी पेटी आली. हिंदी न कळणाऱ्या आजीला नातू अर्थ सांगू लागला. ते काम पूर्वी पोथीवाल्या बुवांचं असे. कथा पाठच होती, त्यामुळे ‘प्रिये’ आणि ‘भ्राताश्री’ अडले नाहीत. कथा कुठं वेगळी वळली की आजी नातवाला थांबवून खरी हकीकत सांगे.

‘रामायण’च्या श्रेयनामावलीत आधारग्रंथांची यादी येते. वाल्मीकी आणि तुलसीदासांसोबत त्यात तमिळ कंबन आहे, बंगाली कृत्तिवास आहे आणि मराठीतलं एकनाथांचं ‘भावार्थ रामायण’ही आहे. एकनाथ पैठणचे. पैठणहून पुढे निघालेली गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा अशी परभणी जिल्ह्यातून वाहते आणि गंगाखेडला जनाबाईंचं गाव लागतं. एकनाथांनी सोळाव्या शतकात जी कथा या काठावरच्या लोकांना त्यांच्या भाषेत सांगितली, ती उमरगावच्या स्टुडिओतून दिल्लीमार्गे हिंदी होऊन परत आली. एवढा मोठा वळसा घालून आलेलं पाहुणं ओळखीचं निघालं, यात नवल नाही.

२ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ लागलं. ९४ भाग, १९९० च्या उन्हाळ्यापर्यंत. त्याचे संवाद राही मासूम रझा यांचे. गाझीपूरच्या या उर्दू-हिंदी लेखकानं सूत्रधार म्हणून बोलणाऱ्या काळाच्या तोंडी घातलेली भारदस्त संस्कृतप्रचुर भाषा ऐकून पोथीवाले बुवाही खूश. कृष्ण झालेले नितीश भारद्वाज मराठी, आणि शिक्षणानं गुरांचे डॉक्टर. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय असल्यामुळे या माहितीचं महत्त्व इथं जरा जास्तच. गोपालकृष्णाची भूमिका पशुवैद्याला मिळावी, ही निवड चोप्रांनी नक्कीच त्यासाठी केली नव्हती. पण तिथल्या विद्यार्थ्यांना एवढी बढाई मारायला हरकत नव्हती.

याच वर्षांत एक तिसरी गोष्ट गावागावात फिरत होती. व्हिडिओ. एशियाडच्या वेळी आयात सैल झाली, आखातात गेलेल्या नातेवाइकांनी व्हीसीआर आणले आणि जिल्ह्याच्या गावात ते भाड्यानं मिळू लागले. एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर, तीन कॅसेट आणि सोबत तारा जोडणारा एक पोरगा असा संच एका रात्रीसाठी यायचा. गणपतीत मंडळ वर्गणीतून आणायचं, लग्नघरी वऱ्हाड जागवायला आणायचे, आणि कुणी धाडसी असेल तर वाड्याच्या चौकात ताडपत्री लावून डोईमागे रुपया-दोन रुपये घेऊन दाखवायचा. रात्रीत तीन पिच्चर. तिसऱ्याच्या वेळी निम्मं गाव जागच्या जागी आडवं झालेलं असे, पण भाडं दिलंय म्हटल्यावर कॅसेट बंद करायची नाही. चोरट्या कॅसेटींना आळा घालण्यासाठी १९८४ मध्ये कॉपीराइटचा कायदा कडक झाला. कायद्याचा हात मात्र अंधेरीहून निघून पालमपर्यंत यायला वेळ लागतो. तोवर कॅसेटनं परभणीची जुनी अडचण एका झटक्यात सोडवली होती: सिनेमा उशिरा येण्याची. निजाम सर्किटात कोणत्या प्रिंटचा नंबर केव्हा लागतो, याच्याशी कॅसेटला देणंघेणं नव्हतं. तंबूवाल्याला खरा धक्का बसला तो इथं. टीव्हीनं त्याचे रविवार सकाळचे लोक नेले, जे त्याचे नव्हतेच. व्हिडिओनं त्याच्या रात्री नेल्या.

आणि व्हिडिओबरोबर नवा मराठी विनोदी सिनेमा घरात शिरला. ‘धुमधडाका’ (१९८५), ‘गंमत जंमत’ (१९८७), ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८), ‘थरथराट’ (१९८९). लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ यांची ही मराठी मुंबईची होती. तिच्यात चाळ होती, भाड्याची खोली होती, कोळीवाडा होता. परभणीच्या पोरांनी ती हिंदीइतक्याच सहजपणे आत्मसात केली, कारण दोन्ही सारख्याच लांबच्या. आपल्यासारखं बोलणारं माणूस ऐकायचं असेल तर कॅसेट दुसरी लावावी लागे, चित्र नसलेली. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या माणसानं १९७९ पासून एकट्यानं, पन्नासहून अधिक पात्रं रंगवत हा प्रयोग केला. त्यातली बोली औरंगाबाद-परभणीच्या पट्ट्यातली, विमानात बसलेली मंडळी आपल्याच शेजारपाजारची. ऐंशीच्या दशकात या प्रयोगाच्या ध्वनिफिती घराघरांत आणि टेम्पोत वाजत होत्या. त्या दशकात मराठवाड्याचा सर्वांत मोठा तारा कोण, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर पडद्यावर शोधायची गरज नाही.

तंबूचा शेवटचा मोठा हंगाम आणला एका साडीनं. विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ १९९१ मध्ये आला. ‘बाई चाली सासरिये’ या १९८८ च्या राजस्थानी चित्रपटावरून बेतलेला. सोशिक सून, छळणारी सासू, अलका कुबल. समीक्षकांनी नाकं मुरडली. ती मुरडण्यासारखीही होती, कारण बाईनं सोसत राहावं यापलीकडे चित्रपट फारसं काही सांगत नाही. पण ज्या बाया आजवर जत्रेत तंबूच्या बाहेरूनच वळल्या होत्या, त्या या पिच्चरला आत गेल्या. घोळक्यानं गेल्या, गाड्या जुंपून गेल्या. पडद्यावरची सासू दिसली की तिला मोठ्यानं शिव्या घालायची मोकळीक तंबूत होती. घरात ती नव्हती. चित्रपटात नसलेला प्रतिकार प्रेक्षकांत होता, आणि त्यासाठी तिकिटाचे पैसे गेले तर ते वाया गेले असं म्हणवत नाही.

पुढचं वेगानं घडलं. १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झाला आणि केबलवाल्यांनी या गच्चीवरून त्या गच्चीवर वायरी टाकल्या. १९९५ मध्ये केबलचा कायदा झाला, म्हणजे वायरी टाकून झाल्यावर. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि औंढ्याची शिवरात्र, हिंगोलीचा दसरा तिकडे गेला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला अल्फा मराठी आणि पुढच्या वर्षी जुलैमध्ये ई टीव्ही मराठी आलं. ई टीव्ही हैदराबादच्या रामोजी रावांचं. मराठवाड्यापुरतं पाहिलं तर हैदराबादेतून करमणूक यायची परंपरा खंडित झाली नव्हती, फक्त या वेळी ती मराठीत होती.

तंबू संपले असं लगेच झालं नाही. महाराष्ट्रातल्या जत्रांतून फिरणाऱ्या शेवटच्या काही ट्रकांमागे शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया हे दोघं अनेक वर्षं हिंडले आणि त्यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. तोवर कंपन्यांनी रिळांच्या प्रिंट काढणंच थांबवलं होतं. गंजलेल्या ट्रकांवर डिजिटल प्रोजेक्टर चढले, ते घ्यायला ज्यांना पैसे जमले नाहीत त्यांनी यंत्रं भंगारात घातली.

मराठवाडी बोली पडद्यावर आली तीही उशिराच, मराठवाड्यातल्याच मकरंद अनासपुरे यांच्या तोंडून. ‘कायद्याचं बोला’ (२००५) मध्ये खेड्यातून आलेला वकील ते रंगवतात. त्याचे हेल, त्याचं बिचकत बोलणं आणि त्यामागचा बेरकीपणा परभणीत लोकांना लगेच पटला, पुण्यात त्यावर लोक हसले. पुढं ‘गल्लीत गोंधळ, दिल्लीत मुजरा’ (२००९) पर्यंत ही बोली विनोदाची खात्रीशीर खूण होऊन बसली. लक्ष्मण देशपांड्यांच्या वऱ्हाडात तीच बोली रडायची, रुसायची, भांडायची आणि लेकीला निरोपही द्यायची. सिनेमानं तिच्यातलं हसू तेवढं उचललं, बाकीचं ठेवून दिलं. रडणाऱ्या सुनेला मात्र पडद्यावर अजून प्रमाण मराठीच बोलावी लागते.